जड पाण्याच्या पेठेबाई

पेठेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी नळ बघायच्या. माणसं नंतर. हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी जायच्या, नळाच्या तोंडाशी साचलेल्या पांढऱ्या थरावरून अंगठ्याचं नख ओढायच्या, निघालेली भुकटी बोटांत चुरून बघायच्या आणि बाहेर येऊन डॉक्टरने रिपोर्ट वाचून दाखवावा तशा सांगायच्या, "तुमच्या गीझरची कॉइल काही दिवाळी बघत नाही."

आणि ती खरंच बघायची नाही. पण असं भाकीत खरं ठरलं म्हणून कुणी आभार मानत नाही. माणसं चिडतात. आमच्या बिल्डिंगमध्ये पेठेबाईंना घरी बोलावणारे फार लोक उरले नव्हते, त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे त्या कुणाकडेही चहा घ्यायच्या नाहीत. "तुमच्या चहावर साय येते ना, ती दुधाची नाही," असं त्यांनी एकदा सातव्या मजल्यावरच्या बाईंना त्यांच्याच सत्यनारायणाला सांगितलं होतं.

ठाकुर्लीला खाडीच्या अंगाला आमचा टॉवर आहे. महापालिकेचं पाणी तिथे पोचत नाही, सगळं बोअरवर आणि टँकरवर चालतं. मी तिथे भाड्याने राहायला आले तेव्हा समोरच्या दाराला पेठ्यांची पाटी होती. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना "काकू" म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं.

"मी कुणाची काकू नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय मी. बाई म्हण."

म्हणून बाई. त्या तेव्हा सत्तरीच्या आसपास होत्या. उंच, काटकुळ्या, केस कापून कानापर्यंत ठेवलेले, घरात कायम सुती गाऊन आणि त्यावर ओढणी. आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. लिफ्टमध्येसुद्धा त्या त्याच आवाजात बोलायच्या.

मूळच्या त्या ठाण्याच्या, टेंभी नाक्याजवळच्या. लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे थेट राजस्थानात, बारमेरकडे गेल्या. खाणीच्या कंपनीची कॉलनी, चहूबाजूंनी वाळू, आणि कूपनलिकेचं पाणी असं की अंगाला साबण लावला तर फेस येण्याऐवजी पांढरी साय अंगाला चिकटून बसायची. पाठ्यपुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. बाईंना हा शब्द फार आवडायचा. लोक बोअरचं पाणी म्हणायचे, खारं म्हणायचे, जड म्हणायचे. बाई म्हणायच्या, "खारं वेगळं आणि दुष्फेन वेगळं. खाऱ्याची चव लगेच कळते. हे जिभेला कळत नाही, म्हणून जास्त वाईट."

वाळवंटात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं संसार केला. निवृत्तीनंतर दोघं ठाण्याला परत आली, बाईंच्या वडिलांच्या टेंभी नाक्यावरच्या दोन खोल्यांत राहिली. तिथे महापालिकेचं पाणी होतं. बाई सांगायच्या, परत आल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी नळाखाली नुसता हात धरला होता, कितीतरी वेळ. मग पेठेकाकांचं हृदय बिघडलं, जिने चढवेनात. मुलाने, अभिजितने, त्या खोल्या विकायला लावल्या आणि ठाकुर्लीचं हे लिफ्टवालं घर घेतलं. घर त्यानेच पाहिलं, त्यानेच ठरवलं. सामान लावून झाल्यावर बाईंनी वरणाचा कुकर लावला. चार शिट्ट्या झाल्या, सहा झाल्या, डाळ दाण्याला दाणा सुटी. बाईंनी कुकर उघडा टाकून मुलाला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, "तू मला परत बारमेरला आणून ठेवलंस."

हे मला पेठेकाकांनी सांगितलं. हसत सांगितलं. काका गोड माणूस. हृदयाचा पंप कमजोर झालेला, पायांवर सूज, डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलेलं. बाई त्यांचं सगळं वेगळं शिजवायच्या आणि त्यांच्या सोबतीला स्वतःही तेच अळणी खायच्या. काका म्हणायचे, "आमच्या घरात मीठच नाही, त्यामुळे कुणी कुणाच्या मिठाला जागायची भानगड नाही." बाई आतून ओरडायच्या, "बोलू नका, दम लागेल."

*

बाईंच्या घरात पाण्याची शिस्त होती. मी ती बघून बघून शिकले. स्वयंपाकाचं पाणी आदल्या दिवशी खळखळून उकळायचं आणि झाकून निवू द्यायचं. तळाला पांढरा गाळ बसतो, तो न हलवता वरचं ओतून घ्यायचं. डाळ त्यातच भिजवायची आणि त्यातच शिजवायची. "याने अर्धा जडपणा जातो. उरलेला अर्धा उकळून जात नाही, तो हट्टी असतो," असं त्या म्हणायच्या. मला घाई असायची, तर मला सांगितलं, "तू चिमूटभर खायचा सोडा टाक. तुझं हृदय धड आहे. आमच्याकडे चालत नाही, सोड्यातही सोडियम असतं." नळाच्या तोंडाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं बांधून ठेवायचं, सकाळी थर नखाने निघतो. शॉवरची जाळी लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात बुडवायची. गीझर कमी तापमानावर ठेवायचा, कारण जितकं कढत तितका थर जास्त. केस धुतल्यावर शेवटचे दोन तांबे उकळून निवलेल्या पाण्याचे घ्यायचे. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरायचं, इस्त्रीला तेच. भांडी धुतली की लगेच पुसायची, वाळू द्यायची नाहीत.

एकदा मी तुरटी फिरवते म्हणाले. बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी नापासच झाले असं मला वाटलं.

"तुरटीने माती खाली बसते. तुझ्या पाण्यात माती आहे का? विरघळलेलं आहे ते. विरघळलेलं तुरटीला दिसत नाही."

प्यायला त्यांच्याकडे फिल्टर होता, आरओचा. पण या पाण्याने त्याचीही गाळणी सारखी चोंदायची आणि मेकॅनिकला बोलावून बोलावून बाईंचा जीव मेटाकुटीला यायचा. तो यायचा तेव्हा त्याच्या डोक्यावर उभ्या राहून त्या जुनी गाळणी कापायला लावायच्या आणि आत काय साचलंय ते बघायच्या.

एका रविवारी अभिजित आला होता. घोडबंदर रोडला राहायचा, महिन्यातून एखादी चक्कर असायची. मी वाटी परत द्यायला गेले तर बाईंनी मलाही बसवलं. बोलता बोलता विषय बारमेरला गेला. अभिजित तिथलाच जन्मलेला. बाळ असताना त्या पाण्याने आणि साबणाने त्याच्या अंगाची सालं निघत होती. कॉलनीच्या कुंपणापलीकडे एक छोटी वस्ती होती. तिथली एक बाई, जिची भाषा बाईंना धड कळायचीही नाही, रोज एक घागर पावसाचं पाणी आणून द्यायची. अंगणात जमिनीखाली टाकी बांधून त्या लोकांनी वर्षभरासाठी साठवलेलं ते पाणी.

"त्यांना प्यायला तेवढंच होतं," बाई म्हणाल्या. "आणि ती याच्या अंघोळीला द्यायची. मी नको म्हणाले तर रागावली."

अभिजित मोबाइलवर काहीतरी बघत होता. म्हणाला, "हो आई, माहितीये. दर वेळी सांगतेस." मग माझ्याकडे बघून हसला. "आईचं सगळं पाण्यावरच येतं."

बाई उठून आत गेल्या. काका म्हणाले, "चहा टाकतेय ती," पण आतून चहाचा आवाज काही आला नाही.

*

आमच्या सोसायटीचे चेअरमन रेगे. बँकेतून निवृत्त झालेले, गोड बोलणारे, सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारे. नळ चोंदायला लागले, वरच्या मजल्यांवर पाण्याची धार बारीक झाली, तेव्हा रेग्यांनी कुठूनतरी एक विक्रेता आणला. पाइपला बाहेरून लोहचुंबक बांधायचे, पाणी त्यांच्यामधून गेलं की मऊ होतं, वीज नको, मीठ नको, देखभाल नको. दोन्ही विंगच्या मुख्य पाइपांवर निळ्या रंगाच्या चकचकीत पेट्या बसल्याही. सर्वसाधारण सभेत फक्त मंजुरी घ्यायची होती.

मी भाडेकरू, मला मत नव्हतं. पण मागे बसून बघायला कुणी हटकलं नाही.

बाई आल्या त्या पिशवीत तीन बाटल्या घेऊन. पेठेकाकांना धरून धरून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. विषय निघाला तशा बाई उभ्या राहिल्या. पहिल्या बाटलीत चुंबकाच्या आधीचं पाणी. दुसरीत चुंबकातून आलेलं. तिसरीत ठाण्याहून आणलेलं महापालिकेचं. तिन्हींत त्यांनी ड्रॉपरने साबणाचं पाणी टाकलं, अगदी मोजून सारखं, आणि एकेक बाटली बूच लावून हलवली. ठाण्याच्या बाटलीत बुचापर्यंत फेस आला. उरलेल्या दोन्हींत फेस नाही, नुसती गढूळ पांढरी साय. दोन्ही बाटल्या हुबेहूब सारख्या.

बाईंनी त्या रांगेतून फिरवल्या. लोकांनी हातात घेतल्या, उजेडाकडे धरून बघितल्या. सगळ्यांना दिसलं.

"कॅल्शियम चुंबकाला चिकटत नाही," बाई म्हणाल्या. "आठवीच्या मुलाला विचारा. आपल्याला फसवलंय. पेट्या काढा, परत द्या आणि नीट यंत्र बसवा. सॉफ्टनर. कपडे, भांडी, अंघोळ, गीझर यांच्यासाठी. स्वयंपाकघराची लाइन मात्र वेगळी ठेवावी लागेल, ते कसं ते मी समजावून सांगते."

रेगे उठले, हात जोडले. "वहिनी, तुमचा अभ्यास दांडगा आहे. पण काय आहे, हे तंत्रज्ञान हळूहळू काम करतं. बाटलीत नाही कळणार."

"मग कशात कळेल?"

रेगे हसले. तेवढ्यात मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अहो, फेस बाटलीत नाही आला, बाईंच्या तोंडाला आलाय!"

अख्खा हॉल हसला. म्हणजे अगदी पोट धरून. रेग्यांनी हात वर करून "अरे अरे, असं नको" केलं, पण तेही हसतच होते. बाई बाटल्या हातात धरून उभ्याच होत्या. मग मतं घेतली. विरोधात दोन हात वर गेले, एक बाईंचा आणि एक पेठेकाकांचा. काकांनी तो मोजून होईपर्यंत खाली घेतला नाही.

माझ्या शेजारी बसलेल्या बाई कुजबुजल्या, "कळतंय हो सगळं. पण रेग्यांना कशाला दुखवायचं? पार्किंग त्यांच्याच हातात आहे."

त्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही तिघं होतो. काका बाईंना म्हणाले, "प्रयोग छान झाला." आमचा मजला आल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अंजली, मला वाटायचं लोकांना दिसत नाही म्हणून ते ऐकत नाहीत. आज दिसलं."

*

चुंबकांच्या पेट्या पुढे दोनेक वर्षं पाइपांवर निळ्या चमकत राहिल्या. मग बी विंगचा मुख्य पाइप आतून इतका भरला की प्लंबरने कापून दाखवला तेव्हा त्यातून करंगळी जाईना. वरच्या चार मजल्यांची बोंब झाली. मग मात्र रेग्यांनी घाईघाईने सॉफ्टनर बसवला. त्याचा नारळ फुटला, पेढे वाटले. लिफ्टमध्ये सूचना लागली: 'सोसायटीच्या वतीने आता मृदू व शुद्ध पाणी. पिण्यास योग्य.'

पेठेबाईंना उद्घाटनाला कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपणहून खाली गेल्या. मी ऑफिसातून येत होते, ठाण्याहून, गेटपाशी त्यांचा आवाज ऐकू आला.

"स्वयंपाकघराची लाइन वेगळी काढलीत ना?"

सेक्रेटरी साळवी म्हणाला, "अहो बाई, सगळे पाइप नवीन टाकावे लागले असते. सगळ्यांकडे फिल्टर आहेतच की."

"सगळ्यांकडे नाहीत. आणि फिल्टरच्या पाण्याने भात कोण लावतं? हे यंत्र जडपणा काढून घेतं आणि त्याच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतं. तुम्हाला कळावं म्हणून मीठ म्हणते. आपलं पाणी जितकं जड, तितकं ते जास्त सोडणार. रक्तदाबवाल्यांनी, हृदयवाल्यांनी हे प्यायचं नाही. ती सूचना काढा. पिण्यास योग्य लिहू नका."

"बाई," साळवी वैतागून म्हणाला, "चुंबक लावला तर तुम्हाला मशीन पाहिजे होतं. मशीन आणलं तर तुम्हाला सूचना नकोय. नक्की प्रॉब्लेम काय आहे तुमचा?"

बाईंनी सूचनेवर पेनने 'पिण्यास योग्य'वर काट मारली. दुसऱ्या दिवशी नवी छापून लावलेली होती, काचेच्या आत.

पाणी मात्र खरोखर मऊ झालं. साबणाला फेस येऊ लागला, डाळ शिजू लागली, कपडे कडक होईनात. लोक खूश. त्या यंत्राला ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं आणि मग ते खारट पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळून गटारात सोडावं लागतं. टँकरने आणलेलं पाणी असं गटारात वाहताना बघून कमिटीतल्या कुणाच्या तरी जिवावर आलं आणि ऑपरेटरला सांगितलं गेलं, खळबळणं आवरतं घे. त्यामुळे धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळाचं पाणी चक्क खारट लागायचं. बाई खाली जाऊन भांडायच्या. ऑपरेटर म्हणायचा, "मॅडम, मला वरून ऑर्डर आहे." बाई वर यायच्या, आरओचं पाणी पुन्हा एकदा जिभेवर घेऊन बघायच्या आणि काकांचा भात लावायच्या.

*

मग अभिजितच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. तिची आई परदेशात, घरात लहान मुलगी. अभिजितने आईला बोलावलं. बाई जायला तयार नव्हत्या. काकाच म्हणाले, "जा गं. मी काय पळून चाललोय?" दिवसभरासाठी सुमनमावशी ठेवल्या. ठाकुर्लीतच राहणाऱ्या, समजूतदार, लिहिता-वाचता येणाऱ्या. बाईंनी त्यांना तासभर सगळं समजावलं: मीठ नाही, पापड-लोणचं नाही, पाणी फक्त फिल्टरचं, प्यायलाही आणि शिजवायलाही. मलाही येता-जाता डोकावायला सांगितलं.

बाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फिल्टर बंद पडला. मावशींनी मेकॅनिकला फोन केला, तो उद्या येतो म्हणाला, मग परवा. मावशींनी बाईंना कळवलं नाही, कारण बाई तिथे सुनेला घेऊन हॉस्पिटलात. आणि लिफ्टमध्ये तर काचेच्या आत स्पष्ट लिहिलं होतं, पिण्यास योग्य. मावशी रोज ते वाचत वर यायच्या. मी संध्याकाळी डोकावायचे तेव्हा काका खुर्चीत बसलेले, ठीक आहे म्हणायचे. एकदा म्हणाले, "मावशींच्या हाताला चव आहे हो." मीही हसले. ती चव कसली होती ते मला कळलं नाही, त्यांना तर बिचाऱ्यांना बऱ्याच वर्षांनी जेवण गोड लागत होतं.

आठवड्याच्या शेवटी काकांचे पाय खांबासारखे सुजले. आडवं पडलं की दम लागायचा. मी बाईंना फोन केला आणि अॅम्ब्युलन्स बोलावली. बाई घोडबंदरहून रिक्षा करून थेट डोंबिवलीच्या हॉस्पिटलात पोचल्या. चार दिवस काका आयसीयूत होते. छातीत पाणी भरलं होतं. मग गेले.

डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय आधीच थकलेलं होतं, हे आज ना उद्या होणारच होतं. खरंही असेल.

सुमनमावशी पेठ्यांच्या दाराबाहेर जिन्यावर बसून रडत होत्या. फिल्टरचं आता त्यांनीच सांगितलं होतं. बाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "तुमची चूक नाही, मावशी. तुम्ही वाचलंत. लिहिलेलं वाचणाऱ्याची चूक नसते."

नंतर मी त्यांना विचारलं, कुठे तक्रार करायची का? ठाण्याला ग्राहक न्यायालय आहे, माझ्या ओळखीतले एक वकील आहेत. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या.

"काय सिद्ध करणार? त्यांचं हृदय निकामीच होत आलं होतं. पाण्याने गेले की आपोआप गेले, हे वेगळं कसं काढणार? दुसरा एक पेठे तसाच ठेवून त्याला ते पाणी न देता बघितलं असतं तर कळलं असतं." मग म्हणाल्या, "मी रसायनशास्त्र शिकलेय ना. सिद्ध करता येणार नाही, हे सगळ्यांच्या आधी मलाच कळतं. न शिकलेली बाई असते तर निदान बोंब तरी मारली असती."

तेराव्यानंतर रेगे आणि साळवी भेटायला आले. मी तिथेच होते. रेगे बराच वेळ काकांबद्दल बोलले, किती सज्जन, किती शांत. मग घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, कमिटीत एक विषय निघाला. तो सॉफ्टनर प्लांट मुळात तुमच्याच आग्रहाने आला. सगळ्या सोसायटीला त्याचा फायदा होतोय. तर त्याला पेठेसाहेबांचं नाव द्यावं, असं आम्हा सगळ्यांना वाटतं. एक संगमरवरी पाटी. त्यांच्या स्मरणार्थ. खर्च सोसायटी करेल."

मला वाटलं बाई आता त्यांना घराबाहेर काढणार. बाई हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघवतही नव्हतं.

"लावा की," त्या म्हणाल्या. "छान लावा. मोठ्या अक्षरात. आणि त्याच्या खाली लिहा, पिऊ नये."

पाटी लागली नाही. पण त्या दिवसापासून सोसायटीत एक गोष्ट पक्की झाली की पेठे गेल्यापासून बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. लिफ्टमधल्या सूचनेबद्दल त्यांनी पुन्हा तक्रार केली तेव्हा साळवी माझ्याकडे बघून मान हलवत होता, जणू आम्ही दोघं मिळून एका आजारी माणसाला सांभाळतोय.

मी माझ्यापुरतं एक केलं. आमच्या मजल्यावर ज्यांच्याकडे म्हातारी माणसं होती त्यांना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि "हो का?" म्हणाले.

*

वर्षभराने अभिजितने ते घर विकायला काढलं. आई एकटी, वय झालेलं, त्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी. बाईंनी विरोध केला नाही. त्या बऱ्याच गोष्टींना विरोध करेनाशा झाल्या होत्या. फिल्टरच्या पाण्यात शिजवायच्या, पण नुसतं स्वतःपुरतं. कुणाच्या घरी जायच्याच नाहीत, त्यामुळे कुणाचे नळ बघायचा प्रश्नच उरला नव्हता.

घर बघायला माणसं यायला लागली. पहिले दोघं पुन्हा आलेच नाहीत. एका शनिवारी सकाळी बाईंनी मला बोलावलं, "जरा बस इथे. आणखी कोणी येतायत." अभिजित आधीच आलेला होता, उशांचे अभ्रे सारखे करत होता. मी असताना तो म्हणाला, "आई, आधीची दोन गिऱ्हाइकं तुझ्यामुळे गेली. तू त्यांना अर्धा तास पाण्यावर लेक्चर दिलंस. आज काही काढू नकोस. प्लीज. या पैशांवाचून माझं तिकडचं सगळं अडकलंय."

"बरं," बाई म्हणाल्या.

आले ते एक तरुण नवरा-बायको आणि त्या मुलाची आई. कल्याणला चाळीत राहत होते, पहिलंच स्वतःचं घर. मुलगी गॅलरीतून खाडी बघून हरखली. मुलगा भिंतींवर टकटक करत होता. आई मात्र स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरून हात फिरवला, सिंकचा नळ सोडला, बंद केला. साधीशी बाई, कपाळावर मोठं कुंकू, बोलताना मध्येच श्वास घ्यायला थांबायची. तिने परत येऊन बाईंना विचारलं, "पाणी कसं आहे हो ताई इथलं?"

अभिजित काहीतरी बोलायला पुढे झाला होता. तो थांबला.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी आधी त्या बाईकडे पाहिलं. तिच्या पायांकडे पाहिलं, चपला काढलेल्या पायांकडे, घोट्याशी किंचित फुगलेल्या. मी पाहिलं त्यांनी ते पाहिलेलं.

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "भरपूर येतं. साबणाला फेसही छान येतो."

"आणि प्यायला?"

बाईंनी जराही वेळ घेतला नाही.

"लोक पितात," त्या म्हणाल्या. "लिफ्टमध्ये लिहिलंय बघा, जाताना वाचा."

त्या बाईचं समाधान झालं. ती मुलाला म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना, पाणी आधी विचारावं." मुलगा हसला. अभिजितने त्यांना लिफ्टपर्यंत पोचवलं. घरात आम्ही दोघीच राहिलो. मला काहीतरी बोलायचं होतं. बाई म्हणाल्या, "अंजली, तू घरी जा आता," आणि उठून त्यांनी दार लावून घेतलं.

पंधरवड्याने त्या गेल्या. टेम्पो आधीच पुढे गेला होता. बाई अभिजितच्या गाडीत मागे बसल्या होत्या, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. मी खाली गेले तर त्यांनी काच खाली केली नाही. निघायच्या वेळी रेगे घाईघाईने सोसायटीच्या ऑफिसातून बाहेर आले, गाडीपाशी वाकले आणि हात जोडून "येत राहा वहिनी" म्हणाले. बाईंनी आतून त्यांच्याकडे पाहिलं आणि रीतसर, दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला. गाडी गेटबाहेर पडून ठाकुर्लीच्या रस्त्याला लागली.